वाट लिहून देणार

ता. ४ फेब्रुवारी

ती. वन्संना नमस्कार.

त्या सकाळी मी दोरासाठी भिजत घातलेला वाख बादलीतून काढून दोरीवर पसरला, चहाचं पाणी ठेवलं, आणि हे चाकाच्या कण्याला तेल घालत बसले होते. तेल घालताना तुमच्या भावाची जीभ बाहेर यायची, लहान मुलासारखी. मी म्हटलं, ‘जीभ आत घ्या, माशी बसेल.’ ते म्हणाले, ‘बसू दे, तिलाही तेल हवं असेल.’ मग मी अंगण झाडलं, कपडे पिळले, कमरेला वाख गुंडाळला आणि दोर सोडत उलटी चालायला लागले. एवढंच. त्या सकाळी दुसरं काही झालं नाही. मोठमोठे दिवस पुसट होतात आणि ही एक सकाळ मात्र तेलाच्या वासासकट येऊन उभी राहते.

आज ती पुन्हा आठवली कारण आज मी संतापले आहे, आणि संतापले की ह्यांच्याशी बोलायची मला सवय आहे. ते नाहीत, म्हणून तुम्हाला लिहिते.

घरामागची पट्टी आपली झाली. मागच्या महिन्यात खरेदीखत झालं. बोलणी ह्यांनीच सुरू केली होती, सही माझी झाली. जन्मभर आम्ही गोदामामागच्या गल्लीत दोर वळला. ट्रक आला की अर्धा वळलेला दोर गुंडाळायचा आणि भिंतीला चिकटायचं. ह्यांचं एकच म्हणणं असे, ‘एवढी लांब जागा हवी, की या टोकाला शिंकलो तर त्या टोकाला ऐकू जाऊ नये.’ तीच ही जागा. सरळ, अरुंद, घर बांधायला निरुपयोगी, पण सांध्याशिवायचा लांब दोर वळायला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही.

पट्टीच्या एका अंगाला वखारवाल्याची लाकडाची वखार, दुसऱ्या अंगाला त्याचं घर. आणि मधून, बरोबर पोटातून, तो फळ्या लादलेली हातगाडी ढकलत जातो. वखारीतून घरी, घरामागच्या शेडमधून पुन्हा वखारीत. विचारणं नाही, पुसणं नाही. जणू मी तिथे उगवलेलं गवत आहे.

चाकावर आता शेजारची शिंपीण असते. शिलाईला ती दुपारी बसते, सकाळी माझ्याकडे येते. परवा ती म्हणाली, ‘एक गाडी गेली तर बिघडतं काय? दोर जरा वर धरायचा, गाडी खालून जाईल.’ मी म्हटलं, ‘सुई कापडात असताना कुणी कापड ओढलं तर?’ ‘हात तोडीन,’ ती म्हणाली, आणि मग तिचं तिलाच कळलं. पीळ चाकापासून निघतो आणि चालत चालत टोकापर्यंत जातो. मध्येच दोर कुणी दाबला, उचलला, की अलीकडे वेटोळी पडतात, पलीकडे सैल राहतो. मातीत पडला तर खडे आत वळले जातात आणि आतूनच त्याला कापत बसतात.

तंबूवाल्यांनी हंगामासाठी लांब दोर मागितले आहेत. अजून एक धड झालेला नाही. आखूड दोर कारखान्याचे स्वस्त मिळतात. माझ्याकडे माणूस येतो तो फक्त लांबीसाठी. पट्टीच्या मध्यातून ही वाट राहिली तर माझं काम बंद, इतकं ते सरळ आहे.

तुम्ही सारी नोकरी कोर्टाच्या कचेरीत टाइप करण्यात काढलीत. सांगा, माझ्या जमिनीतून त्याने कोणत्या तोंडाने जावं?

तुमची
धाकटी

*

ता. १२ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पाकिटावर सवयीने ‘सौ.’ लिहून गेले आणि मग ते पाकीट फाडून दुसरं घेतलं. वर्ष होत आलं तरी हात ऐकत नाही.

तुझं पत्र वाचता वाचता माझा चहा गार झाला आणि डोकं तापलं. अगं, वहिवाटीचे दावे मी इतके टाइप केले आहेत की झोपेत तोंडपाठ म्हणेन. वर्षानुवर्षं कुणाच्या जमिनीतून जात राहिलं की पुढे तो जाण्याचा हक्कच होऊन बसतो, त्याला वहिवाट म्हणतात. आणि सगळे दावे एकाच जागी सुरू झालेले असतात. कुणीतरी कधीतरी भिडेखातर ‘जा की’ म्हणालेलं असतं. भीड भिकेची बहीण, हे आपल्या आईचं वाक्य मी कोर्टात रोज खरं होताना पाहिलं.

खरेदीखतात वाटेचा उल्लेख आहे का ते बघ. नसेल तर उद्याच्या उद्या खांब रोवून कुंपणाची तार घाल. सोबत नोटीस पाठवते. मी स्वतः टाइप केली आहे, ओळखीच्या वकिलाची सही घेतली आहे. त्याच्या हातात दे आणि पोच घे. गोड बोलू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू पहिल्यांदा भांडतेस आणि मग भांडणाऱ्याला पाणी विचारतेस.

आणखी एक. लोक म्हणतील, तुझ्या नवऱ्याने असं कबूल केलं होतं, तसा शब्द दिला होता. गेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं, तो थोडाच उठून नाही म्हणणार आहे? असल्यांचं ऐकून घेऊ नकोस. कागदावर नाही ते नाही.

माझे गुडघे आहेत तसेच आहेत. तीन जिने उतरायचे म्हणजे आदल्या दिवसापासून ठरवावं लागतं. नाहीतर मीच येऊन त्या वखारवाल्यासमोर उभी राहिले असते.

तुझी
वन्सं

*

ता. २६ फेब्रुवारी

ती. वन्संना नमस्कार.

खरेदीखत मी ओळ न् ओळ वाचलं. वाटेचा एक शब्द नाही. वाचनालयातून कायद्याचं एक जाडं पुस्तकही आणलं आहे. ग्रंथपाल म्हणाला, ‘बाई, हे कादंबऱ्यांच्या कपाटातलं नाही हं.’ मी म्हटलं, ‘माहीत आहे, कादंबरीत शेवट तरी लागतो.’

तुमची नोटीस पोचवली. ‘सदरहू मिळकतीतून उपरोक्त इसमाने’ हे वाक्य कळायला मला तीनदा मागे जावं लागलं. वाचायला मी शिकले ती वाखाच्या गठ्ठ्यांना गुंडाळून येणाऱ्या जुन्या वर्तमानपत्रांवर, आणि त्यांत खुनाच्या बातम्यासुद्धा याहून सोप्या असायच्या. पण शब्दांना वजन आहे, हे कबूल.

तारही घातली. खांब रोवायला शिंपीण होती. शेवटची गाठ मारते आहे तोवर तो गाडी घेऊन आला.

‘ही तार कुणी घातली?’

‘जिची जमीन तिने.’

‘अहो, पण माझी गाडी?’

‘गाडीला रस्ता आहे. पेठेला वळसा घाला.’

‘तिथे चढ आहे. भरलेली गाडी माझ्यासकट खाली येईल.’

‘मग कमी भरा.’

शिंपीण खांबाआडून ओरडली, ‘नाहीतर रोज वळसाच घाला शेठ, खुर्चीत बसून पोट सुटलंय, जरा उतरेल!’

त्याचे कान लाल झाले. गाडीची मूठ धरून तो उभा राहिला आणि एकदम खालच्या आवाजात म्हणाला, ‘तुमच्या मालकांनी मला शब्द दिला होता.’

वन्सं, तुम्ही लिहिलं होतंत तसंच झालं, अगदी तसंच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘मेलेल्या माणसाला साक्षीला बोलावता? लाज नाही वाटत?’

‘मी खोटं बोलत नाही.’

‘मग लेखी द्या. यापुढे तुमचं माझं जे काय ते कागदावर.’

‘हाकेच्या अंतरावर राहतो आपण, आणि पत्र लिहू?’

‘हाकेच्या अंतरावर राहता ना? मग आजवर एकदा तरी हाक मारलीत?’

यावर त्याने गाडी वळवली. जाताना म्हणाला, ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही.’ मी म्हटलं, ‘पीळ जात नाही म्हणूनच लोक माझ्याकडे दोर घ्यायला येतात.’

शिंपीण दिवसभर हे वाक्य पेठेत सांगत फिरली. मला मात्र रात्री जेवण गेलं नाही. ह्यांचं नाव कुणी असं वापरावं? ह्यांनी मला न विचारता घरात खिळा ठोकला नाही कधी. दोराच्या मध्यातून वाट देतील? दोर वळणारा माणूस?

अक्षर वेडंवाकडं आलं आहे. पेन बिघडलंय.

तुमची
धाकटी

*

ता. ३ मार्च

नमस्कार.

वर मायना घातलेला नाही. का, ते पुढे येईल.

तुम्ही लेखी मागितलंत म्हणून लिहितो. बिलं सोडली तर मी काही लिहीत नाही. कागदही बिलाचाच आहे, तो उलटा करून वापरला आहे. नोटिशीत मला ‘उपरोक्त इसम’ म्हटलं आहे. माझ्या वडिलांनी वखार घातली तेव्हापासून आम्ही इथे आहोत. मी इसम नाही, शेजारी आहे.

ती पट्टी मी घेणार होतो. जुन्या मालकाने आधी मलाच विचारलं होतं, कारण माझी गाडी तेव्हाही तिथूनच जायची आणि तो कधी बोलला नाही. तुमच्या मालकांना हे कळलं तेव्हा ते वखारीत आले. फळ्यांच्या ढिगावर बसले. दम लागला होता त्यांना. म्हणाले, तुला येण्याजाण्यापुरती हवी आहे, मला अख्खी लांबी हवी आहे. तू सोड, मी तुला वाट देतो. मी सोडली. कागद केला नाही. त्यांच्याशी कागद करायचा असतो हे माझ्या मनातच आलं नाही.

त्यांनी एक अट घातली होती. वाटेत पाय टाकण्याआधी आवाज द्यायचा, आतून ‘सोडलं’ असं ऐकू आलं की मगच पुढे यायचं, नाही आलं तर गाडी धरून उभं राहायचं. काय सोडलं ते मी विचारलं नाही. तुमच्या कामातलं काही असेल म्हटलं.

मग आवाज का दिला नाही, असं तुम्ही विचाराल. तुम्ही त्या दिवशी विचारलंतच. त्यांना मी ‘दोरवाले’ म्हणायचो. तुम्हाला काय म्हणू? वहिनी म्हणावं तर तेवढी ये-जा नाही. काकू म्हणावं तर तुम्ही माझ्याहून लहान. बाई म्हणावं तर ऑर्डर सोडल्यासारखं वाटतं. नावाने तर शक्यच नाही. मी गाडीपाशी उभा राहून हाक ठरवत बसायचो, आणि तुम्ही लांब गेलेल्या दिसलात की तेवढ्यात निघून जायचो. तुम्ही उलट्या चालत येऊन माझ्या गाडीवर आदळलात आणि पडलात, त्या दिवशीही तेच झालं. तुम्ही उठून एक शब्द बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारायला आलो तर तुम्ही तार घालत होता. मनगट कसं आहे? आमच्या घरातून रोज विचारणं होतं.

वाट मात्र मी सोडणार नाही. तिच्यासाठी मी जमीन सोडली आहे.

वखारवाला

*

ता. ५ मार्च

वन्सं,

त्याचं पत्र सोबत आहे. वाचा आणि परत पाठवा.

पेन बिघडलं नव्हतं. डावा हात होता. तुम्ही जिने उतरून निघाल या भीतीने लिहिलं नाही. हाड मोडलेलं नाही, सूज उतरली आहे. ते सोडा.

‘सोडलं’ हे त्याला कुठून कळलं? चाकाची मूठ सोडून खुंटी अडकवली की हे टोकावरून ओरडायचे, ‘सोडलं!’ मगच मी दोरावरचा हात काढायची. आमच्या दोघांतलं होतं ते. शिंपिणीला मी ते शिकवलेलं नाही. तिला मी ‘थांबव’ म्हणते, कारण तो शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ऐकवला नसता. तो मी वर्षाने वखारीच्या बिलामागे वाचला. बाजारात ऐकून रचता येईल असा तो शब्द नाही. म्हणजे हे वखारीत गेले होते. फळ्यांवर बसले होते. दम लागत होता हेही खरं असणार.

म्हणजे मी एका माणसाला सगळ्या पेठेसमोर खोटारडा म्हटलं आणि तो नव्हता.

आता तुम्हाला एक विचारते. तुमच्या पत्रात आहे, ‘लोक म्हणतील, तुझ्या नवऱ्याने शब्द दिला होता.’ ते पत्र बारा तारखेचं. तेव्हा असं कुणीच म्हणालं नव्हतं. मला वाचता येतं, वन्सं. तुम्हाला कसं ठाऊक होतं?

धाकटी

*

ता. १३ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

हो, मला ठाऊक होतं. लपवाछपवी करायचं माझं वय गेलं, आणि तुझ्यापुढे ती टिकतही नाही.

तपासण्यांसाठी तो माझ्याकडे राहिला होता तेव्हाची गोष्ट. गॅलरीत बसून मी निवडत असलेल्या पालेभाजीची देठं मोडत होता. म्हणाला, ‘ताई, मी दोराच्या मधोमध वाट देऊन आलोय.’ मी म्हटलं, ‘बायकोला विचारलंस?’ तर हसला. ‘विचारलं तर ती म्हणेल, वेड लागलंय का? आणि तिचं बरोबरच असेल. मग पट्टी जाईल. आधी घेऊ, मग सांगू.’ मी म्हटलं, एवढी घाई कसली? त्यावर तो देठ मोडत राहिला. मग म्हणाला, ‘माझ्यामागे तिने त्या गल्लीत एकटीने भिंतीला चिकटून उभं राहायला नको.’

मला त्याने कुणाला सांगू नको म्हटलं नव्हतं. मीच ठरवलं. पुढे तो गेला, सही तू केलीस, आणि मला वाटलं, या बाईच्या वाट्याला एक तरी गोष्ट अख्खी येऊ दे. यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

आता कायद्याचं ऐक आणि रागाने पान उलटू नकोस. वखारवाल्याच्या हातात काही नाही. तोंडी शब्द होता, देणारा गेला, त्याच्याबरोबर शब्द गेला. जुन्या मालकाने न बोलता जाऊ दिलं, ती नुसती परवानगी होती, हक्क नव्हे. तो दावा करील तर हरेल. तंबूवाल्यांचे दोर होतील, तुझं काम चालेल. त्याने जमीन सोडली हे खरं, पण व्यवहारात डोळे उघडे ठेवायचे असतात. भोळेपणाची भरपाई तू का द्यावीस?

माझ्यावर हवी तेवढी रागाव. हाताला शेक दे. पण तार काढू नकोस.

तुझी
वन्सं

*

ता. २१ मार्च

ती. वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र आल्यावर मी दोन दिवस तोंड उघडलं नाही. शिंपीण म्हणाली, ‘काय गं, माझ्यासारख्या तोंडात टाचण्या धरल्यास का?’

मला सगळ्यांचा राग आला आहे. तुमचा आहेच. माझ्या वाट्याला काय अख्खं यावं आणि काय फुटकं, हे तुम्ही गॅलरीत बसून ठरवलंत आणि वर नोटीस टाइप करून माझ्या हातात दिलीत. त्या नोटिशीने मी एका खऱ्या माणसाला खोटं पाडायला निघाले होते, आणि तुम्हाला ते माहीत होतं. वखारवाल्याचा आहे. इतकी वर्षं शेजारी राहून एका बाईला हाक मारायला त्याला तोंड सापडलं नाही, आणि त्यापायी माझं मनगट गेलं असतं.

पण सगळ्यांत जास्त राग ह्यांचा आला आहे. वर्षभरात मी ह्यांच्यावर एकदाही रागावले नव्हते. गेलेल्या माणसावर काय रागवायचं, असं वाटायचं. आता मी घरातल्या घरात मोठ्याने भांडते आहे. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळू नये म्हणून ह्यांनी तपासणीचे कागद कपाटावर ठेवले होते. घरातलं कपाट पुसतं कोण? मी ते वाचले होते. ते घाई करताहेत हे मला दिसत होतं, कशाची ते ठाऊक होतं. मला विचारलं असतं तर मी वेड लागलंय का म्हटलं असतं, हे खरं. आणि मग दुपारपर्यंत दोघांनी मिळून काहीतरी काढलं असतं. आजवर प्रत्येक अडचणीला आम्ही तसंच केलं. उलटी मी चालते, वन्सं. माझ्या पाठीमागे काय आहे ते चाकावरच्या माणसाने सांगायचं असतं. तेवढ्यासाठी तो तिथे असतो. ह्यांनी सांगितलं नाही.

आता तुमच्या कायद्याचं. शब्द देणाऱ्याबरोबर गेला म्हणता. मग पट्टी का नाही गेली? ती त्याच शब्दाने मिळाली आहे. शब्द ह्यांच्याबरोबर जाळायचा आणि जमीन माझ्याकडे ठेवायची, असा व्यवहार माझ्या हातून व्हायचा नाही. वाचनालयातलं ते जाडं पुस्तक तसं सांगत असेल. मी त्यातलं ते प्रकरण पुरं वाचून परत केलं आहे. पण दुसऱ्याने माझ्या माघारी दिलेली वाट मान खाली घालून चालू द्यायची, हेही व्हायचं नाही.

सोमवारी मी वखारीत गेले. करवतीचा आवाज चालला होता. मला बघून तो उठला आणि खुर्चीवरचा भुसा हाताने झटकायला लागला.

मी म्हटलं, ‘तुम्हाला सगळ्यांसमोर खोटं म्हटलं, ते चुकलं. सगळ्यांसमोरच सांगते.’ करवत थांबली. ‘आता दुसरं ऐका. ह्यांनी दिलेली वाट मी मोडली आहे.’

त्याचा चेहरा उतरला. ‘म्हणजे कोर्टात जायचं?’

‘ऐका तर. मी देते ती घ्यायची असेल तर घ्या. गाडीच्या रुंदीची, त्याहून बोटभर जास्त नाही. दोर ताणलेला असला की उभं राहायचं, मग दुपार होवो. गाडीखाली माझा दोर आला तर तो तुम्ही विकत घेतला. आणि हाक मारायची.’

‘काय म्हणून?’

‘ह्यांना काय म्हणत होतात?’

‘दोरवाले.’

‘मग अडलं कुठे?’

त्याने जरा इकडेतिकडे बघितलं आणि पुटपुटला, ‘दोरवाली.’

‘मोठ्याने. टोकापर्यंत यायला हवं.’

वखारीतली सगळी माणसं बघत होती. त्याने डोळे मिटले आणि असा ओरडला की पलीकडच्या घरातून त्याची बायको तारेखालून वाकून धावत आली, काय पडलं म्हणून. तिनेच माझा हात हातात घेऊन मनगट फिरवून बघितलं. नवऱ्याला म्हणाली, ‘एवढा आवाज होता तुमच्यात, तर इतके दिवस कुठे ठेवला होता?’

तो मला म्हणाला, ‘आणि तुम्ही आतून काय म्हणाल? ते सोडलं?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘मी ‘या’ म्हणेन.’

लांब दोर मी आता सकाळी लवकर धरणार. त्याची पहिली गाडी वखार उघडल्यावर निघते. तोवर एक दोर पुरा होतो असं शिंपिणीने आणि मी करून बघितलं आहे. तंबूवाल्यांचे होतील की नाही ते हंगामात कळेल. नाही झाले तर मी पुन्हा भांडेन, पण माझ्या भांडणात मला सगळं माहीत असेल.

तुमची नोटीस परत पाठवते आहे. शब्द चांगले आहेत, दुसऱ्या कुणाच्या कामी येतील. माझा राग अजून गेलेला नाही आणि जाईल तेव्हा कळवीन. गुडघ्यांना तेल लावत जा.

मंगळवारी मी वखारवाल्याला घेऊन नोंदणी कचेरीत गेले. कारकुनाने विचारलं, ‘वाट कुणाच्या वतीने देताय? मयत पतीच्या?’ मी म्हटलं, ‘माझ्या.’ त्याने कागद पुढे सरकवला. ‘लिहून देणार’ असं छापलं होतं, त्याच्यापुढे मी दुखऱ्या हाताने माझं नाव घातलं, सही केली, आणि घरी येऊन तार काढली.

धाकटी